सर्पगंधा : आपल्या रानातलं मूळ कुठे कुठे जाऊन आलं

मागच्या भागात आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज विषय वेगळा आहे, पण निघाला तोही गटाच्या बैठकीतूनच.

झालं असं, की बैठकीला आशाताई बीपीचं मशीन घेऊन आल्या होत्या. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि एकेकीचा हात मशीनच्या पट्ट्यात जाऊ लागला. आमच्यातल्या एका काकींचा वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे गेला. पट्टा सोडून पुन्हा बांधला, तरी तेवढाच. काकींना सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. आशाताईंनी विचारलं, "गोळी घेता ना रोज?" काकी गप्प. मग हळूच कमरेच्या पिशवीतून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. आत मातकट रंगाची पूड आणि बोटाएवढे दोन वाकडे तुकडे होते. आठवड्याच्या बाजारात एकाने दिली होती. "रानातलं आहे, याने काही अपाय होत नाही, गोळ्या बंद करा," असं म्हणाला होता. काकींनी दोन महिने गोळी घेतलीच नव्हती.

आमच्यातल्या एका आजींनी तुकडा हातात घेतला, वास घेतला, जिभेला लावला आणि थू करून म्हणाल्या, "ही सर्पगंधा. कडूजहर." मग बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, ही सगळी फसवणूक आहे, मुळीने कुठे बीपी उतरतो! दुसरा म्हणाला, आपल्या आज्या मुळ्यांवरच जगल्या, तेव्हा कुठे होत्या गोळ्या? भांडण मिटेना. शेवटी आम्ही चौघींनी ठरवलं, की याचा छडा लावायचा. तालुक्याच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणली, आयुर्वेद शिकवणाऱ्या एका बाईंना भेटलो, आणि महिनाभर जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत. दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर निघाले, हे आधीच सांगून टाकतो.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. सर्पगंधा म्हणजे गुडघाभर उंचीचं झुडूप. कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर, झाडांच्या सावलीत, ओलाव्याला येतं. एकेका पेरावर बहुतेक तीन पानं गोल फिरून आलेली असतात. फुलं लहान आणि पांढरी, पण त्यांचे देठ लाल, म्हणून गुच्छ लांबूनही ओळखू येतो. फळं मटारच्या दाण्याएवढी, पिकली की काळी जांभळी होतात. आपल्या अंगणातली सदाफुली आणि कण्हेर ही हिचीच भावकी. पुस्तकांत अडकई, हरकी अशीही मराठी नावं सापडतात. औषध असतं ते मुळात, त्यातही मुळाच्या सालीत जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

नावात सर्प का? याची मुंगसाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मुंगूस नागाशी लढायला जाण्याआधी एक मूळ चावून जातं, म्हणून त्याला विष चढत नाही. ही गोष्ट किती जुनी असावी? गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. त्याने इथल्या औषधांवर पुस्तक लिहिलं आणि ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. त्या पुस्तकात सापाच्या विषावर वापरायच्या मुळ्यांचं एक प्रकरण आहे. त्यातही मुंगूस आहे आणि नागही आहे. त्यातली एक मुळी सर्पगंधा असावी असं जाणकार मानतात. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गोव्यात एक परदेशी वैद्य हीच गोष्ट लिहून घेत होता. आपल्या संस्कृत ग्रंथांत सर्पगंधा आणि नाकुली ही नावं त्याच्याही आधीपासून आहेत, पण ती याच झाडाची की दुसऱ्या कुठल्या, यावर वैद्यांमध्येच एकमत नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. गोष्ट सुंदर आहे, पण सर्पगंधेने सापाचं विष उतरत नाही. साप चावला तर मूळ शोधत बसायचं नाही. माणसाला हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. विषावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून तयार होतं, मुंबईच्या हाफकिन संस्थेतही बनतं, आणि सरकारी दवाखान्यात मिळतं. मुंगूस वाचतं ते त्याच्या चपळाईने आणि त्याच्या शरीराच्या वेगळ्या घडणीने.

मग या मुळाचा खरा गुण कुणाला कळला? त्यासाठी बिहारकडे जावं लागतं. तिथल्या बाजारात हे मूळ पूर्वापार 'पागल की दवा' म्हणून विकलं जायचं. वेड लागलेल्या, आरडाओरडा करणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला ते देत. माणूस शांत व्हायचा, झोपायचा. आणि तिथल्या गरीब घरांतून लहान मुलांना झोपवण्यासाठीही ते देत, असं जुन्या औषधी ग्रंथांत नोंदलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा आम्ही चौघीही गप्प झालो. मूल का झोपवायचं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आईला मजुरीला जायचं असतं. आपल्या मुंबईच्या गिरणगावातही कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत असत. ती काही मायेची कमी नव्हती. पाळणाघर नव्हतं आणि पोट होतं. पण तान्ह्याला असं औषध देणं फार धोक्याचं, हेही तितकंच खरं. मूळ किती दिलं की झोप लागते आणि किती दिलं की मूल उठतच नाही, याचा अंदाज त्या बायांनी कसा बांधला असेल, कितींचा चुकला असेल, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पुढे या मुळावर मोठमोठी नावं लागली. त्या बायांचं नाव एकाही ग्रंथात नाही.

आता नावांकडे येऊ. १९३१ हे साल ध्यानात ठेवा. त्या एका वर्षात दोन ठिकाणी काम पुढे गेलं. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी काढलेलं तिब्बिया कॉलेज होतं, ज्याचं उद्घाटन १९२१ साली गांधीजींनी केलं होतं. तिथे सलीमुज्जमाँ सिद्दीकी नावाच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासोबत या मुळातली द्रव्यं वेगळी काढली. एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या आठवणीत 'अजमलीन' नाव दिलं. पुढे ते हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर वापरलं गेलं. त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की हे मूळ वेडावर चालतं आणि रक्तदाबावरही चालतं. एक आयुर्वेदाचे, एक डॉक्टरीतले. दोघं एका कागदावर आले, हे आम्हाला फार आवडलं.

म्हणजे बीपी उतरतो, हे खरंच होतं. आपला दुसरा तट इथे जिंकला असं वाटेल. पण थोडं थांबा.

त्या काळात रक्तदाबावर चांगली गोळीच नव्हती. केवढी मोठी माणसं त्याने गेली! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब वर तीनशे आणि खाली एकशे नव्वद मोजला गेला होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाच्या प्रमुखालाही डॉक्टर देऊ शकत होते ते फार तर विश्रांती, कमी मीठ आणि तात्पुरती औषधं.

अशा वेळी मुंबईत रुस्तम जाल वकील नावाचे एक पारशी डॉक्टर काम करत होते. केईएम रुग्णालयात. आपल्या कोकणातल्या किती घरांतून कुणी ना कुणी केईएमला जाऊन आलेलं असतं, तेच हे रुग्णालय. वकीलांनी रक्तदाबाचे पन्नास रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, दाब पुन्हा पुन्हा मोजला आणि सगळं लिहून ठेवलं. १९४९ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आला. तो वाचला आणि जग या मुळाकडे वळलं. पुढे १९५७ साली त्यांना अमेरिकेतला मोठा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आम्हाला विचाराल तर सगळ्या कहाणीचा कणा इथे आहे. वकीलांनी मूळ शोधून काढलं नाही. मूळ हजारो बायाबापड्यांना माहीत होतं. त्यांनी मोजलं. आधी किती, नंतर किती, कितव्या दिवशी, कुणाला उपयोग झाला, कुणाला नाही. आपण गटाची वही जशी लिहितो ना, तसं. आपल्या आज्यांकडे ज्ञान होतं, वही नव्हती. लिहायला शिकवलंच कुठे होतं त्यांना?

मग स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या सीबा कंपनीने १९५२ साली मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेझर्पीन. दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते सर्रास सुरू झालं. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं शांत होऊ लागली, बोलू लागली. बिहारच्या बाजारातली 'पागल की दवा' न्यूयॉर्कला पोचली होती. त्यावर नाव मात्र वेगळंच होतं. शास्त्रीय भाषेत हे झाड रावल्फिया. रावल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. तो बगदादपर्यंत आला, भारतात कधी आलाच नाही. आपल्या झाडाला नाव मिळालं ते ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याचं!

आता पहिल्या तटाची बाजू. रेझर्पीनची गोळी असायची केवढी? पाव मिलिग्रॅमची. समजायला असं समजा, की एक ग्रॅम, म्हणजे साधारण चिमूटभर द्रव्य घेतलं आणि त्याचे चार हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. इतकंसं पुरतं. आणि मुळात एकटं रेझर्पीन नसतं, पन्नासच्या आसपास निरनिराळी द्रव्यं असतात. कोणत्या जागेतलं मूळ, किती वर्षांचं, कोणत्या ऋतूत काढलेलं, यावर ती कमीजास्त होतात. मग बाजारातल्या पुडीतली चमचाभर पूड म्हणजे नक्की किती औषध? कुणालाही सांगता येणार नाही, विकणाऱ्यालाही नाही. त्यात दुसऱ्या जातींच्या मुळ्यांची भेसळ चालते ती वेगळीच.

अपाय होत नाही म्हणे! हे औषध जगभर वापरलं जाऊ लागल्यावर काही वर्षांतच त्याचे दोष दिसायला लागले. नाक चोंदायचं, पोटात जळजळ होऊन व्रण व्हायचे, हातपाय गळाल्यासारखे व्हायचे. आणि काही रुग्ण खोल उदास व्हायचे, इतके की जीव नकोसा व्हावा. गरोदर बाईने घेतलं तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, दुधातूनही जातं. मैत्रिणींनो, हे सगळं करणारं द्रव्य रानातल्या मुळातलंच आहे, कारखान्यात कुणी मिसळलेलं नाही. यापेक्षा बेताची आणि भरवशाची औषधं पुढे निघाली, तसं रेझर्पीन मागे पडलं. काकींना मिळणारी सरकारी गोळी त्या पुढच्या पिढीतली आहे. वैद्यही सर्पगंधा देतात, नाही असं नाही, पण तेही माणूस बघून, मात्रा ठरवून आणि देखरेखीखाली. आम्ही ज्या बाईंना भेटलो त्या स्वतः आयुर्वेदाच्या. त्यांनी पुडी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी का बंद केली?"

दोषातूनही एक चांगली गोष्ट निघाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणूस उदास का होतो, गळून का जातो, याचा शोध घेताना कळलं की रेझर्पीन मेंदूतली काही रसायनं रिकामी करतं. स्वीडनच्या कार्लसन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेझर्पीन दिलं. ससे निपचित पडले, कान खाली, हालचाल नाही. मग त्यांनी लेव्होडोपा नावाचं दुसरं द्रव्य टोचलं आणि ससे उठून बसले. हात थरथरण्याचा जो कंपवात असतो, त्यावरचं औषध त्याच वाटेने सापडलं. आजही तेच मुख्य औषध आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. तुमच्या गावात कुणा आजोबांचे हात कापत असतील आणि गोळीने चमचा तोंडापर्यंत नीट जात असेल, तर त्या गोळीच्या मुळाशी सर्पगंधा आहे. पोटात न घेता ती अशी उपयोगी पडली.

पण झाडाचं काय झालं? आधी म्हटलं ना, औषध मुळात असतं. आवळा काढला तर झाड राहतं, अडुळशाचा पाला खुडला तर पुन्हा फुटतो. सर्पगंधेचं मूळ घ्यायचं म्हणजे झाड उपटायचं. ते मूळही दोन तीन वर्षांचं झाल्याशिवाय कामाचं नसतं. १९५२ नंतर जगाची मागणी आली आणि रानंच्या रानं खणली गेली. सुरुवातीला बहुतेक मूळ भारतातलंच जात होतं. नंतर सरकारने कच्च्या मुळ्या परदेशी पाठवण्यावर बंधनं आणली, तेव्हा कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. अमेरिकेच्या वुडवर्ड यांनी १९५६ साली रेझर्पीन प्रयोगशाळेत घडवूनही दाखवलं. विज्ञानात त्याचं फार कौतुक झालं, पण झाडातून काढणं स्वस्त पडत राहिलं, म्हणून खणणं काही थांबलं नाही. १९९० पासून सर्पगंधा जंगली जीवांच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या यादीत आहे, परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही.

खणत कोण होतं? आपल्यासारख्याच बाया आणि त्यांची माणसं. दिवसाची मजुरी मिळाली म्हणून. मुळाला मिळणारा भाव आणि गोळीला मिळणारा भाव यात किती अंतर होतं, ते काजूच्या बिया विकणाऱ्या आपल्याला कळतं.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आमच्या या शोधाशोधीची बातमी फुटली आणि पंधरा दिवसांत एक व्यापारी गटाकडे आला. सर्पगंधेची मुळं आणून द्या, किलोवर पैसे देतो, रोख. रक्कम चांगली होती, खोटं कशाला बोलू. आमच्यातल्या दोघींना मुलांची फी भरायची होती. त्या म्हणाल्या, आपण नाही खणलं तर दुसऱ्या वाडीतले खणतील. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. बैठक रात्री दहापर्यंत चालली. शेवटी आजी म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा पाणवठ्याच्या वाटेवर ही झुडपं होती. आता मला दाखवायला मंदिरामागच्या देवराईत जावं लागतं. तुमच्या सुनांना कुठे न्याल दाखवायला?" व्यापाऱ्याला नाही म्हणायचं ठरलं. फी भरणाऱ्या दोघींना गटातून कर्ज दिलं. त्या अजून थोड्या नाराज आहेत, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

एक माहिती मात्र सगळ्याच गटांनी घ्यावी. २००२ सालचा जैवविविधता कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, त्यात निदान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि गावातली झाडं, औषधं, त्यांचे वापर लिहायची एक लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या गावची वही आम्ही मागून बघितली. सर्पगंधेचं नाव होतं, पुढे वापराचा रकाना कोरा. समितीतल्या बाया कोण, ते त्या बायांनाच माहीत नव्हतं! त्यातली एक आमच्याच गटातली निघाली. आता आजींकडून ऐकून आम्ही ते पान भरतो आहोत. सर्पगंधेबरोबर आणखी बावीस झाडं झाली. झाड नेमकं कुठल्या जागी आहे ते ठळक लिहायचं नाही, एवढं आम्ही आमच्यात ठरवलं आहे. वही कुणाच्याही हाती पडते.

देवराईतून आम्ही मूळ आणलं नाही. फक्त पिकलेली फळं आणली, ओंजळभर. बी फार उगवत नाही असं वाचलं होतं, तसंच झालं. चाळीस बियांतून नऊ रोपं आली. ती अंगणवाडीच्या मागे, फणसाच्या सावलीत लावली आहेत. पोरं हात लावतील म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलंय आणि पाटीवर लिहिलंय, "बघा, खाऊ नका."

काकींनी गोळी पुन्हा सुरू केली. डॉक्टरांनी पुडीची चौकशी केली, पण रागावले नाहीत, पुडी आणून दाखवलीत हे बरं केलं म्हणाले. मागच्या बैठकीत वरचा आकडा एकशे अडतीस होता. वहीत काकींच्या बचतीसमोर आम्ही तोही लिहून ठेवला. पुढच्या बैठकीपासून सगळ्यांचाच लिहिणार आहोत. तुमच्याकडे कुणी अशी पुडी घेत असेल, तर पुढच्या भागाआधी आम्हाला कळवा.